बिनपाण्याची गाडीधुलाई : बाटलीपेक्षा फडक्याकडे पाहा

उन्हाळा आला की चांदवड तालुक्यात पाण्याचा हिशेब हंड्याने होतो. शेजारच्या मनमाडने वागदर्डी धरणाच्या भरवशावर, पंधरा-वीस दिवसांतून एकदा येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षे काढली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात मुंबई-आग्रा महामार्गालगत पाइप सोडून गाड्या धुतलेल्या लोकांच्या डोळ्यांत खुपणारच. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून ५००० रुपये दंड ठरविला. असा हुकूम उद्या आपल्याकडे निघाला तर पहिला फटका गॅरेज आणि वॉशिंग सेंटरवर पोट असलेल्या आपल्याच मुलांना बसेल.

म्हणून ‘पाण्याशिवाय गाडी धुवा’ असे सांगत बाजारात आलेल्या बाटल्यांचा विचार व्यापाऱ्याच्या नजरेने व्हायला हवा. मारुती सुझुकीसारख्या मोठ्या कंपनीने आपल्या वर्कशॉपांत ‘ड्राय वॉश’ची पद्धत आणली, तेव्हा हा निव्वळ फेरीवाल्याचा माल नाही हे उघड आहे. पण तो सर्व गाड्यांना, सर्व मोसमांत चालेल काय? आमचे मत असे की, हलक्या धुळीला चालेल, चिखलाला चालणार नाही. आणि धुळीला चालेल तेही फडके चांगले असेल तरच.

बाटलीत असते काय? नाव बिनपाण्याचे असले तरी बहुतेक बाटल्यांत पाणीच जास्त असते. त्यात मळ सुटा करणारे साबणासारखे द्रव्य, कण घसरावेत म्हणून गुळगुळीतपणा देणारे पदार्थ आणि थोडे मेण किंवा सिलिकॉन मिसळतात. फवारा मारून अर्धा-एक मिनिट थांबायचे, म्हणजे धूळ भिजते आणि हलक्या हाताने फडक्यात उचलली जाते. कोरड्या धुळीवर फडके फिरविणे मात्र रंगाचे नुकसान आहे. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या पानाहूनही पातळ. आपल्याकडची धूळ मुरमाची आणि काळ्या दगडाची. तिचा एक खडा फडक्याखाली सापडला की उन्हात चमकणारे गोल ओरखडे उठलेच म्हणून समजा.

आता फडक्याविषयी. हा आमचा धंदा असल्याने दोन शब्द जास्त लिहितो. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचा एक डेनियरहून बारीक, चिरलेला तंतू. प्रमाण बहुधा ८० आणि २०. त्याच्या लवेत खडा आत ओढला जातो. जुन्या बनियनला लव नसते, म्हणून खडा पृष्ठभागावर राहून घासतो. टेरिकॉट पाणी शोषत नाही. जुन्या साडीची जर रंगाला ओरबाडते. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते, ते धुतल्याखेरीज कामाचे नाही. मायक्रोफायबर घेताना तळहातावर फिरवून पाहा. खरा चिरलेला तंतू कातडीला किंचित अडकतो. मग ते काट्यावर ठेवा. ४० सेंटिमीटर चौरस फडके ३५० जीएसएमचे म्हणून विकत असतील तर ते ५६ ग्रॅम भरले पाहिजे. ४० ग्रॅमच भरले तर माल २५० चा आहे. कडेची जाड शिलाई आणि लेबल गाडीला लागू देऊ नका. एका गाडीला चार-पाच फडकी ठेवा, घडीची बाजू बदलत राहा आणि जमिनीवर पडलेले फडके बाजूला टाका.

ही फडकी धुवायला पाणी लागतेच. तरीही हिशेब फायद्याचा आहे. पाइपमधून मिनिटाला १० लिटर पाणी जाते असे धरले तर पंधरा मिनिटांत १५० लिटर संपले. दोन बादल्यांत ३०-४० लिटर लागतात. बाटलीतले द्रव्य १००-२०० मिलिलिटर आणि दिवसभराची फडकी एकत्र धुतली तर गाडीमागे थोडे लिटर पाणी. मात्र ती सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, मऊ करण्याचे द्रव्य घालू नका आणि त्यांवर गरम इस्त्री फिरवू नका.

काही ठिकाणी हे द्रव्य वापरूच नये. कांद्याच्या पिकअप, ट्रॅक्टर, पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेली गाडी यांना आधी पाणीच हवे. तापलेल्या बॉनेटवर फवारा मारला तर डाग पडतात. ब्रेकची डिस्क, मोटारसायकलचे टायर आणि सीट यांवर मेणाचा अंश गेला तर जीवाशी गाठ आहे. पुढच्या काचेवर मेणाचा थर राहिला तर राहुड घाटात रात्री समोरच्या दिव्यांनी काहीच दिसणार नाही. आणि रॉकेल-डिझेल मिसळून केलेले घरगुती ‘पॉलिश’ तर दूरच ठेवा. ते रबर खराब करते, धूळ धरून ठेवते आणि पेट घेते.

वॉशिंग सेंटर चालविणाऱ्या बांधवांना आमचा सल्ला असा. एजन्सीसाठी अनामत भरू नका, ड्रम उचलू नका. आधी एक बाटली घ्या. त्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, बॅच आणि वापराच्या सूचना नसतील तर परत करा. आपल्या जुन्या गाडीवर महिनाभर वापरून पाहा. मधल्या मळासाठी बादलीभर पाण्यात मिसळून, नंतर न धुता पुसून घेण्याचे द्रव्यही मिळते. आपल्या भागाला ते अधिक सोयीचे आहे. चिखलाच्या गाड्यांसाठी पाणी लागेल, पण ते हौदात निवळून पुन्हा वापरता येते. गिऱ्हाइकाची गाडी कोणत्या पद्धतीने पुसणार हे हात लावण्याआधी त्याला सांगा, आणि गाडीवर जुने ओरखडे असतील तर तेही तेव्हाच दाखवा. मागाहून होणारी भांडणे त्याने टळतात आणि गिऱ्हाईक टिकते.