वकील तं झाली, आता पुढे काय?

आमच्या बपेऱ्याच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब कमी आणि घरोघरच्या गोष्टीच जास्त होतात. मागच्या बैठकीत विषय निघाला तो गावातल्या एका पोरीचा. नागपूरला राहून एलएल.बी. झाली. आता तिला एलएल.एम. करायचंय, तेही 'आंतरराष्ट्रीय आणि तुलनात्मक कायदा' या विषयात. जमलं तर परदेशात. तिची आई रडकुंडीला आली होती. "वकील तं झाली नं पोट्टी, आता आणखी काय शिकते? इकडे पोरं पाहणं सुरू आहे!" दुसरी म्हणाली, "बपेऱ्यात कोणता आंतरराष्ट्रीय कायदा लागते वं?" सगळ्या हसल्या. खरं सांगते, मीही हसले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

मैत्रिणींनो, तुलना तर आपण रोजच करतो. आमच्या गावाजवळूनच मध्यप्रदेशची हद्द सुरू होते. कितीतरी सुना बालाघाटकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या की जातीच्या दाखल्यासाठी त्या कशा फिरतात, ते मी पाहिलंय. वडिलांचे कागद त्या राज्याचे, संसार या राज्यात. बाई तीच, पण हद्द ओलांडली की नियम दुसरे!

आता गोव्याचं बघा. तिथे १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि त्यात बायकोचा अर्धा वाटा असतो. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. आणि आपल्याकडे? सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून बाई आयुष्यभर वाट पाहते. आपल्याच देशात, आपल्याच शेजारी असं होऊ शकतं, हे कुणीतरी अभ्यास करून सांगितलं तरच आपल्याला कळणार ना? तुलनात्मक कायदा म्हणजे दुसरं काय असतं?

आंतरराष्ट्रीय कायदाही वाटतो तितका लांबचा नाही. राजस्थानातल्या एका साथिनीनं बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून 'विशाखा' खटला उभा राहिला. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध तेव्हा देशात कायदाच नव्हता. मग सुप्रीम कोर्टानं आधार घेतला तो स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. भारतानं तो १९९३ मध्ये मान्य केला होता. १९९७ साली कोर्टानं नियम घालून दिले, २०१३ मध्ये कायदा आला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार ऐकणारी समिती असते, तिचं मूळ त्या करारापर्यंत जातं. कुणीतरी तो करार वाचलेला होता, म्हणून हे झालं.

आणि अमेरिकेतला जावई आता काही फक्त पुण्या-मुंबईवाल्यांनाच मिळतो असं नाही. तिकडच्या कोर्टातून नवऱ्यानं परस्पर घटस्फोट आणला तर? १९९१ साली सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात तिकडचा हुकूम इथे मानला नाही. आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, बायकोची बाजू न ऐकता दिलेला घटस्फोट तिच्यावर लादता येत नाही. किती आईबापांना हे ठाऊक आहे?

बाईनं कायदा शिकायला परदेशी जाणं हेही नवीन नाही. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या, तरी बाई म्हणून इंग्लंडची शिष्यवृत्ती नाकारली गेली. हितचिंतकांनी पैसे उभे केले, तेव्हा त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हातात नाही, कारण ते विद्यापीठ १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं! पुढे त्यांनी बंगालकडच्या पडदानशीन बायकांच्या इस्टेटी सांभाळायचं काम वर्षानुवर्षं केलं.

पण मी त्या पोरीला नुसतं 'जा बाई' म्हटलेलं नाही. या डिग्रीनं तुमसरच्या कोर्टात दोन अशिलं जास्त येतील, असं मला वाटत नाही. शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, एखाद्या संस्थेत काम करायचं असेल तर उपयोग. इंग्रजी पक्कं हवं, नुसतं हो-नाही पुरत नाही. घरची दोन एकर धानाची शेती गहाण टाकून तर अजिबात जाऊ नये. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात एका वर्षात एलएल.एम. होतं, क्लॅटची परीक्षा द्यावी लागते. आधी ते बघ म्हटलं. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, इतर मागासवर्गीयांसाठीही सरकारची योजना आहे. जागा मोजक्या, अटी बदलत राहतात, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता स्वतः कार्यालयात जाऊन विचारावं.

लग्नाचं काय, असं आई विचारते. मी तिला इतकंच म्हटलं, "वहिनी, मांडवाला जेवढा खर्च धरला आहे, तेवढा आधी कागदावर लिहून तर बघा." तिला राग आला. मला पोरी नाहीत, म्हणून बोलायला सोपं जातं, असं ती म्हणाली. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. तिचे यजमान मात्र परवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तुमसरला तहसीलमध्ये गेले होते, असं कानावर आलं.