राज्याचं विज्ञान प्रदर्शन डहाणू-तलासरीत भरू दे

भाताची कापणी-झोडणी उरकते, दिवाळी होते आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून बिऱ्हाडं निघतात. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी बांधकामांवर, कुणी सीमेपलीकडे गुजरातेत वाडीच्या कामाला, तर कुणी बोटीवर खलाशी म्हणून. मागे सांभाळायला कुणी नसेल तर पोरंही सोबत जातात आणि हजेरीपटावर एकेका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. नेमकं याच सुमाराला शाळेत पत्र येतं: तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शन भरणार आहे, नावं कळवा. पावसाळाभर ओढ्याचं पाणी चढता-उतरताना ज्याने पाहिलं, कुठल्या विहिरीचं पाणी आधी आटतं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याचं नाव कळवावं तर तो गावातच नाही.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राज्यस्तरीय विज्ञान प्रदर्शन डहाणू-तलासरीत भरावं आणि त्याची तयारी इथल्या मुलांचं वर्ष कसं सरतं ते पाहून व्हावी. यंदाच्या अंकातला विद्यार्थी-विज्ञानाचा विभाग याच आग्रहापोटी केला आहे.

यंत्रणा नाही, अशी तक्रार करता येणार नाही. एनसीईआरटी १९७१पासून मुलांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवते आहे. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य आणि मग देश, अशी ही चढण. आपल्याकडे नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेने या कामाची सूत्रं अनेक वर्षं सांभाळली. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर मानक योजना निवडलेल्या कल्पनेसाठी मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये जमा करते. १९९३पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. तिथे मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः माहिती गोळा करायची आणि आपल्या भाषेत मांडायची, असा नेम आहे. महाराष्ट्रात या परिषदेचं काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने वर्षानुवर्षं नेटाने केलं. आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा हा वारसा आमचाही आहे.

तरीही प्रदर्शनाच्या मांडवात शिरलं की मन खट्टू होतं. वर्गातले बाक जोडून केलेली टेबलं, त्यांवर पांढरी चादर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लटकलेल्या पाच वायरी. इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, दिव्यांची स्मार्ट सिटी. यातली बरीच मॉडेलं दुकानातून किटच्या रूपात आलेली असतात, उरलेली शिक्षकांनी किंवा वडिलांनी रात्र जागवून उभी केलेली. सिरिंजांचा जेसीबी वाईट नाही. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंजचा दट्ट्या जास्त जोराने पण कमी अंतर का सरकतो, हे ज्या मुलाने स्वतः मोजून पाहिलं, त्याला पास्कलचा नियम कुणी शिकवावा लागत नाही. पण मोजायला त्याला वेळ कुणी दिला? सकाळ पाहुण्यांच्या स्वागतात आणि भाषणांत जाते. मग परीक्षक टेबलाटेबलावरून धावतात आणि मूल पाठ केलेलं चार वाक्यांचं स्पष्टीकरण एका दमात म्हणून मोकळं होतं. परीक्षकाने मध्येच प्रश्न विचारला तर ते पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं. दोष मुलाचा नाही. त्याच्या हातात प्रश्न कधी आलाच नाही, आलं ते उत्तर.

आणि प्रश्नांचं म्हणाल तर या दोन तालुक्यांइतकी श्रीमंत जागा महाराष्ट्रात दुसरी दाखवावी लागेल.

नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या परिसरात जमीन हादरू लागली. एक मोठा भूकंप आणि मग विरत जाणारे धक्के, असं इथे झालं नाही. लहान-लहान धक्क्यांची रांगच लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, लोक थंडीत घराबाहेर झोपले, तंबू आले. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने इथे भूकंपमापक बसवले. धक्के उथळ, म्हणून हादऱ्यासोबत जमिनीतून गडगडाट ऐकू यायचा. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांत खोल उतरून तिथला दाब वाढवतं आणि त्यामुळे खडक सरकतो, या दिशेने शास्त्रज्ञांनी विचार केला. आता पाहा: पावसाची नोंद, विहिरीची पातळी आणि धक्क्याची वेळ, या तिन्ही गोष्टी आठवीतल्या मुलीला वहीत लिहिता येतात.

भूकंपाचा परिणाम मोजणारं मर्कली प्रमाण बारा पायऱ्यांचं आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. टांगलेला कंदील हलला का, मांडणीवरची भांडी वाजली का, झोपलेलं माणूस जागं झालं का, कुडाला काही झालं नाही पण विटांच्या भिंतीला भेग गेली का, हे घरोघर जाऊन विचारायचं आणि गावाच्या नकाशावर आकडे भरायचे. असे नकाशे वेगवेगळ्या पाड्यांवरून जमले की धक्का कुठे जास्त जाणवला ते दिसू लागतं. मोजमाप यंत्राचंच असतं, हा समज इथेच सुटतो.

यंत्रही करता येईल. दोरीला वीट टांगा, विटेच्या बुडाला पेन बांधा, खाली सरकता कागद ठेवा. जमीन हलली की वीट जडत्वामुळे जागीच राहू पाहते, कागद तिच्याखालून हलतो आणि रेघ वाकडी होते. पुस्तकात एवढंच असतं. प्रत्यक्षात लहान धक्क्यात जमीन इतकी थोडी हलते की ते हलणं पेनाच्या रेघेच्या जाडीतच हरवून जातं. म्हणजे विटेचं यंत्र चालत नाही. का चालत नाही, हे ज्या मुलाला समजलं तो पुढची पायरी चढला. आता हालचाल मोठी करून दाखवायला हवी. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलला की वीज निर्माण होते, जुन्या बिघडलेल्या स्पीकरमध्ये हे दोन्ही आयतं सापडतं, आणि ती क्षीण वीज वाढवून मोबाइलवर किंवा संगणकावर रेघ उमटवता येते. आमच्या मते न चाललेली वीटही बाकावर मांडली पाहिजे, आणि तिच्यासाठी वेगळे गुण ठेवले पाहिजेत.

भूकंप हा एक विषय झाला. घोलवडला चिकू लागला तो १८९८च्या सुमाराला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळ्यात फळ का गळतं, बी पोखरणारी अळी कुठल्या महिन्यात बागेत येते, हे बागायतदार अनुभवाने सांगतो. मूल ते झाडाखाली बसून, गळलेली फळं मोजून सांगेल. डहाणू तालुका १९९१च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा २००७मध्ये सुरू झाली, ती लोकांनी आणि प्राधिकरणाने लावून धरल्यामुळे. रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आणि कायदा एकत्र कसे चालतात याचा एवढा मोठा धडा गावाच्या वेशीवर असताना मुलांनी त्यातलं काही शिकू नये? वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. बंदराविषयी इथल्या घराघरांत टोकाची मतं आहेत. मत कुठलंही असो, दहा वर्षांनी किनारा किती बदलला हे सांगायचं तर आजची नोंद लागेल. पुळण किती रुंद आहे, भरतीचं पाणी कुठवर येतं, जाळ्यात कुठली मासळी किती येते, हे आज कोण लिहून ठेवतंय? किनाऱ्यावरच्या शाळांनी ठेवावं.

अभियांत्रिकीसाठीही दूर जायला नको. चिंचणी-वाढवणच्या बाजूला दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. केसाएवढ्या फरकाने काम बिघडतं, अशी ती कला. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत: साचा रबराच्या चिकात बुडवायचा, काढायचा, वाळवायचा, तापवायचा. किती वेळ बुडवला तर रबराची जाडी किती, किती तापवलं तर फुगा किती ताणला जातो, यावर एका वर्षाचा प्रकल्प सहज होईल. बोटीचं इंजिन कानाने ओळखणारा मेकॅनिक परीक्षक म्हणून बोलवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. यंत्राविषयी खरा प्रश्न तोच विचारेल.

ही कल्पना आमची नाही, या मातीत ती जुनीच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा मुलांना दोष न देता शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणारी पोरं कुरण सोडून येऊ शकत नाहीत म्हटल्यावर कुरणशाळा निघाली. शिकणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे शाळेने आपला दिवस बदलायचा, हे कोसबाडने करून दाखवलं आहे. विज्ञान प्रदर्शनाने तेवढंच करायचं आहे.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. जूनमध्ये शाळा उघडताच वह्या वाटाव्यात, पावसाळाभर निरीक्षण चालावं आणि तालुक्याची फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी संपावी, म्हणजे भट्टीवर जाणाऱ्या पोराचं काम निदान एकदा तरी मांडवात लागेल. त्याची निवड झाली तर पुढच्या फेरीसाठी त्याला आणण्याची आणि आश्रमशाळेत ठेवून घेण्याची जबाबदारी आयोजकांची. डहाणूला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, त्याच्या आश्रमशाळा आहेत. एवढं जमायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट वहीची. अमेरिकेत १९५०मध्ये फिलाडेल्फियाला पहिला राष्ट्रीय विज्ञान मेळा भरला, त्याचाच पुढे आंतरराष्ट्रीय मेळा झाला. तिथे मॉडेलपेक्षा वहीला मान असतो: प्रश्न काय होता, कुठल्या दिवशी काय मोजलं, काय फसलं. मुलाशी परीक्षक एकट्याने बोलतो, शिक्षक शेजारी नसतो. आपणही हे करावं. वही नसेल तर मॉडेल कितीही देखणं असो, पुढच्या फेरीत जाऊ नये. थर्माकोलला २०१८पासून राज्यात बंदी आहेच. पुठ्ठा, बांबू, माती पुरे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे आम्ही हट्ट धरू. तलासरीतलं मूल घरी वारली बोलतं, बाजारात गुजराती ऐकतं आणि शाळेत मराठी वाचतं. परक्या माणसापुढे प्रमाण मराठीत ते गप्प होतं आणि परीक्षक लिहितो, विषयाचं आकलन कमी. प्रत्येक परीक्षक गटात इथली बोली जाणणारा एक तरी माणूस हवाच. प्रदर्शनांत आदिवासी गट वेगळा ठेवतात. दार उघडायला त्याचा उपयोग झाला, पण त्याच दाराआड मूल अडकूही शकतं. वेगळ्या गटातल्या पहिल्या मुलाला सर्वसाधारण गटातही उभं राहता यावं, असा नियम आम्हाला हवा आहे.

छत्तीस जिल्ह्यांची मुलं आणि मार्गदर्शक इथे राहतील कुठे, हा प्रश्न विचारला जाईल. बोर्डीच्या शाळेला शंभर वर्षं होऊन गेली, कोसबाडला कृषी संस्था आहे, आश्रमशाळांची वसतिगृहं आहेत. डहाणू रोडपर्यंत २०१३पासून लोकल येते, तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. वीज जाते, हे खरं. जनरेटर भाड्याने मिळतो. चार दिवसांसाठी का होईना, गडचिरोलीची, सांगलीची, नंदुरबारची मुलं इथल्या पोरांच्या शेजारी बाक लावतील आणि इथल्या शाळांतली हजारो मुलं पायी, एसटीने, पिकअपने येऊन ते पाहतील. राज्य पातळीवर निवडली जाणारी मुलं मोजकीच असतात. यजमानपदाचा खरा लाभ या पाहणाऱ्यांचा. शिवाय राज्याचे पाहुणे येणार म्हटलं की प्रयोगशाळांची बंद कपाटं उघडतात, तुटलेले नळ दुरुस्त होतात.

वाचकहो, अंक हाती घेतल्यावर एक काम करा. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून किंवा डहाणूच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते तुमच्यापैकी अनेकजण आहेत, प्राध्यापक आहेत, बागायतदार आहेत, कारखानदार आहेत. येत्या जूनपासून महिन्यातला एक शनिवार एका शाळेला द्या. भाषण नको. मुलांसोबत विहिरीवर, बागेत, वर्कशॉपमध्ये जा, मोजायला शिकवा, वहीवर तारीख घालून घ्या. कुठली शाळा घ्यायची हे ठरवायला आपल्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, आणि लांबच्या पाड्यावरची शाळा मागून घ्या.