वाऱ्याच्या भरवशावर किती काळ?

ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा पाहताना जाणकार प्रेक्षकाची नजर गुणफलकाआधी ध्वजाकडे जाते. ही स्पर्धा समुद्रकिनाऱ्यालगतच्या ‘लिंक्स’ मैदानांवरच होते. जमीन वालुकामय आणि टणक, झाडांचा आडोसा जवळजवळ नाही. त्यामुळे उंच मारलेला चेंडू वाऱ्याच्या स्वाधीन होतो. तो खालून मारून जमिनीवरून घरंगळत नेणे, हेच येथील कौशल्य.

२००२ मध्ये म्युरफिल्डला वादळी पावसात टायगर वूड्सला तिसऱ्या फेरीत ८१ फटके लागले. २००८ मध्ये रॉयल बर्कडेलला पॅड्रेग हॅरिंग्टन ‘पार’पेक्षा ३ फटके अधिक घेऊनही विजेता ठरला, तेथे तिसऱ्या फेरीअखेर ५३ वर्षांचा ग्रेग नॉर्मन आघाडीवर होता. वाऱ्यात ताकदीपेक्षा अनुभव मोठा ठरतो, तो असा.

वारा पडला की मात्र चित्र पालटते. २०२२ मध्ये सेंट अँड्र्यूजला वारा बेताचाच राहिला आणि कॅमेरॉन स्मिथने पारपेक्षा तब्बल २० फटके कमी घेत बाजी मारली. आधुनिक चेंडू इतका दूर जातो, की जुनी मैदाने तोकडी पडू लागली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये नियामक संस्थांनी चेंडूचा पल्ला कमी करण्याचा निर्णय जाहीर केला, तो याच चिंतेपोटी. अनेक व्यावसायिक खेळाडूंना तो रुचला नाही. परंतु समुद्र मागे सरकवून मैदान लांबवता येत नाही आणि वारा दरवर्षी मदतीला धावेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.