ऋण सैनिकाचे, हिशेब सत्तेचा

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने १७ मार्च २०२५ रोजी एक निर्णय घोषित केला. जन्मतः नोंदले गेलेले लिंग एक आणि अंतर्यामीची जाणीव दुसऱ्या लिंगाची, अशा पारलिंगी माजी सैनिकांना या अवस्थेसाठी विभागाच्या रुग्णालयांतून मिळणारे विशेष उपचार टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा हा निर्णय होय. ज्यांचे संप्रेरकांचे उपचार विभागाकडे आधीच चालू आहेत, किंवा सैन्यातून बाहेर पडतेवेळी चालू होते, त्यांचे ते चालू राहतील. नव्याने येणाऱ्यास मात्र हे दार बंद झाले. अन्य सर्व आरोग्यसेवा व लाभ पात्र माजी सैनिकांना पूर्ववत मिळतील, असेही विभागाने स्पष्ट केले. त्याआधी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अशा व्यक्तींना सैन्यसेवेतून वगळण्याचा आदेश काढला होता. खटला प्रलंबित असतानाच ६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या अंमलबजावणीस मुभा दिली.

या वादात दोन प्रश्नांची गल्लत होत आहे. सैन्यात कोणास घ्यावे, हा पहिला प्रश्न. तो युद्धसज्जतेचा आहे, शिस्तीचा आहे आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार राष्ट्राच्या शासनाला आहे. ज्याने गणवेश चढविला, ज्याची सेवा राष्ट्राने स्वीकारली, त्याच्या आरोग्याचे पुढे काय, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न निवडीचा आहे, दुसरा ऋणाचा. निवडीचे निकष बदलू शकतात. घेतलेले ऋण मात्र निकष बदलल्याने फिटत नाही.

या ऋणाची भाषा अमेरिकेला नवी नाही. अब्राहम लिंकन यांनी मार्च १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आले असताना, रणांगणावर झुंजलेल्या सैनिकाची आणि त्याच्यामागे उरलेल्या विधवा-अनाथांची काळजी वाहण्याची जबाबदारी राष्ट्राची असल्याचे सांगितले. त्यांचे तेच वचन पुढे माजी सैनिक विभागाने ब्रीद म्हणून शिरोधार्य मानले. त्याच युद्धात, लिंकन यांच्याच इलिनॉय राज्याच्या ९५व्या पायदळ पलटणीत अल्बर्ट कॅशिअर नावाचा एक सैनिक लढला. १८६२ साली भरती झालेला हा ठेंगणा, मितभाषी सैनिक व्हिक्सबर्गच्या वेढ्यासह अनेक मोहिमांत सहभागी होता. आयर्लंडमध्ये स्त्री म्हणून जन्मलेला कॅशिअर आयुष्यभर पुरुष म्हणूनच जगला. १९११ साली पाय मोडल्यावर त्याला क्विन्सी येथील माजी सैनिकांच्या आश्रमात दाखल करण्यात आले. १९१४ मध्ये त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि तेथे त्याच्यावर स्त्रीवेशाची सक्ती करण्यात आली. हाच तो सैनिक काय, अशी शंका घेऊन निवृत्तिवेतनाची चौकशीही मांडली गेली. तेव्हा त्याच्या पलटणीतील वृद्ध सहकाऱ्यांनी साक्ष दिली, की आमच्या खांद्याला खांदा लावून लढला तो हाच. निवृत्तिवेतन टिकले. सरकारी नोंदीला जे ओळखता आले नाही, ते खंदकातल्या सोबत्यांनी ओळखले.

पुढचा इतिहास मात्र धरसोडीचा आहे. १९९९ च्या नियमावलीत विभागाने लिंगबदल शस्त्रक्रिया आपल्या सेवेतून वगळली. अन्य उपचारांविषयी स्पष्टता नव्हती. एका रुग्णालयात एक वागणूक, दुसऱ्यात दुसरी. जून २०११ मध्ये विभागाने देशभरासाठी एकच निर्देश काढला. संप्रेरकांचे उपचार, मानसोपचार आणि बाहेर झालेल्या शस्त्रक्रियेनंतरची देखभाल यांचा त्यात समावेश होता. शस्त्रक्रिया वगळलेलीच राहिली. २०२१ मध्ये तत्कालीन सचिव डेनिस मॅक्डोनो यांनी तीही उपलब्ध करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचे घोषित केले. परंतु नियम काही बदलला नाही. पारलिंगी माजी सैनिकांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा पुढच्याच महिन्यात विभागाने त्यांची २०१६ पासूनची मागणी फेटाळली. म्हणजे सहानुभूतीची भाषा बोलणाऱ्या शासनाने आश्वासन देऊन ते पाळले नाही आणि त्यानंतरच्या शासनाने जे होते तेही काढून घेतले. दोष एका पक्षाचा नाही.

सैन्यसेवेची कथाही तीच. जून २०१६ मध्ये उघडपणे सेवा करण्यास परवानगी, एप्रिल २०१९ पासून निर्बंध, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा परवानगी, २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध! नऊ वर्षांत धोरणाने चार वेळा कूस बदलली. शासनावर विश्वास ठेवून ज्यांनी आपली अवस्था लष्करी वैद्यकाला सांगितली, त्यांच्या कागदपत्रांतील तेच निदान आता सेवेतून बाहेर काढण्याचे कारण ठरले आहे. सैनिकाने आज्ञेवर विश्वास ठेवायचा, तर आज्ञा देणाऱ्यानेही विश्वासाला पात्र असावयास नको काय?

नव्या निर्णयाच्या समर्थनार्थ पुढे येणारे युक्तिवाद मात्र तपासले पाहिजेत. वाचणारा पैसा पक्षाघात झालेल्या व अवयव गमावलेल्या सैनिकांवर खर्च होईल, असे विभाग म्हणतो. हेतू स्तुत्यच आहे. परंतु विभागाच्याच सांगण्यानुसार त्याच्या आरोग्यसेवेत नोंदणी असलेल्या ९१ लाखांपैकी पारलिंगी म्हणविणारे एक दशांश टक्क्याहूनही कमी, म्हणजे फार तर नऊ हजार आहेत. ज्या विभागाचा वार्षिक खर्च ३०० अब्ज डॉलरहून अधिक आहे, त्याला जखमी जवानाच्या सेवेसाठी इतक्या थोड्यांच्या औषधात हात घालावा लागावा, हे पटणारे नाही. एका सैनिकाचे ऋण दुसऱ्या सैनिकाच्या ताटातून फेडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नौदलाच्या 'सील' पथकात वीस वर्षे सेवा केलेले ख्रिस बेक २०१३ मध्ये 'क्रिस्टिन' म्हणून समाजापुढे आले आणि देशभर गाजले. २०२२ मध्ये त्यांनी तो मार्ग सोडल्याचे सांगून, पुरेशी तपासणी न होताच आपल्यावर उपचार झाल्याची तक्रार केली. ही तक्रार गांभीर्यानेच घ्यावयास हवी. मात्र तिचे उत्तर अधिक काटेकोर तपासणी, अधिक धीमी पावले आणि अधिक जबाबदार वैद्यक हे आहे. चुकीच्या निदानाच्या भयाने कोणी दवाखान्यालाच टाळे ठोकत नाही. विभागाच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात असे निदान झालेल्या माजी सैनिकांमध्ये आत्महत्येची योजना वा प्रयत्न यांचे प्रमाण सर्वसाधारण माजी सैनिकांच्या वीस पटींहून अधिक आढळले होते. त्यांच्या मनःस्थितीची कारणे काय, यावर वाद घालता येईल. पण इतका धोका असलेल्या रुग्णास वैद्यकापासून दूर लोटावे, असे कोणते शास्त्र सांगते?

या निर्णयातील सर्वांत मोठी विसंगती तर वेगळीच आहे. ज्यांचे उपचार चालू आहेत ते सुरक्षित, आणि ज्यांनी आजवर तोंड उघडले नाही ते वंचित! हे मौन बाळगणारे कोण? ज्यांच्या काळात एक शब्द उच्चारणे म्हणजे सेवेला मुकणे होते, ते वयोवृद्ध सैनिक. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाने नियम पाळून पन्नास वर्षे मन झाकून ठेवले आणि सत्तरीत प्रथमच वैद्यकासमोर ते उघडे केले, तर त्याला 'उशीर झाला' असे उत्तर मिळणार. शिस्त पाळल्याची ही शिक्षा होय.

भारतालाही हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. २०१७ साली भारतीय नौदलाने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका नाविकाला सेवामुक्त केले होते. आपल्याकडील माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे आणि निवृत्तिवेतन हा तिचा पाया आहे. अर्ध्या वाटेवर सेवा सुटलेल्याच्या उपचारांचे दायित्व कोणाचे, याचा विचार अमेरिकेतील गोंधळ पाहून वेळीच केलेला बरा.

समाजातील चालीरीती, लिंगाच्या व्याख्या, राजकारणाचे वारे यांवर मतभेद राहतील. ते राहणे स्वाभाविकही आहे. परंतु सैनिक सीमेवर उभा राहतो तेव्हा आपल्या पाठीशी कोणता पक्ष आहे, असे विचारीत नाही. राष्ट्र आहे, एवढेच तो जाणतो. १९१५ साली अल्बर्ट कॅशिअरचा मृत्यू झाला, तेव्हा त्याला गणवेशात, लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला आणि शिळेवर त्याचे सैनिकी नाव कोरले गेले. मरणानंतर दिलेला हा मान त्याला हयातीत, आश्रमाच्या खाटेवर मिळावयास हवा होता. आज त्या खाटेवर दुसरे कोणी आहे, एवढाच फरक.