चेंडूला हात न लावणारा खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो. नाव तेवढे फुटबॉल! रायन हॅरिसच्या हाती मात्र तो जवळपास कधीच येत नसे. शाळेत असतानाच इस्लाम स्वीकारलेल्या या धिप्पाड गड्याचे काम एकच: चेंडू फेकणाऱ्या साथीदारावर धावून येणाऱ्यांना अंगावर घेणे. वर्गातली मुले विचारतात, “सर, त्याने गुण किती केले?” अशा खेळाडूचे काय सांगणार? त्याचे नाव निघते ते बहुधा चुकल्यावरच.

2007 मध्ये डेन्व्हरने त्याला निवडले. पुढे दुखापती, मग ह्यूस्टन, कॅन्सस सिटी. एकेका वर्षाचे करार, बिऱ्हाड पाठीवर. 2015 मध्ये डेन्व्हरचा नेहमीचा खेळाडू जखमी झाला, म्हणून याला परत बोलावणे आले. रोजी अशीही येते. त्याच डिसेंबरात डोनाल्ड ट्रम्प मुसलमानांना अमेरिकेत प्रवेशबंदी करा म्हणत होते. आणि 7 फेब्रुवारी 2016 ला, सुपर बोल या अंतिम सामन्यात, पेटन मॅनिंगसारख्या नामवंताची पाठ राखायला उभा होता हा मुसलमान. डेन्व्हर 24-10 ने जिंकले.

पुढच्या मोसमात बिऱ्हाड पिट्सबर्गला.