पांढरे लुगडे आणि आजीचा चेहरा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बापाचे बोट धरून नागपूरला गेलेल्या एक आजी आमच्या वस्तीत आहेत. तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या, आता ऐंशीच्या घरात. त्यांची आठवण मोबाईलवर चित्रित करून ठेवायची, असे विहारात ठरले आणि काम आमच्या गळ्यात पडले. आजी हौसेने पांढरे लुगडे नेसून खिडकीपाशी बसल्या. अर्धा तास बोलल्या. घरी येऊन पाहतो तो काय! लुगडे लख्ख, खिडकी लख्ख आणि आजींच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

एका पोराने मोबाईलमधले चेहरा उजळण्याचे बटण दाबून तेच पुन्हा दाखवले. आजींनी निरखून पाहिले आणि विचारले, "ही कोण बाई?" सुरकुत्या गेल्या होत्या, रंगही गेला होता. आमच्या मंगल परिणयांच्या अल्बमात हेच चालते. नवरी सावळी असली तर फोटोवाला तिला न विचारता गोरी करून देतो, आणि आपणही पैसे देऊन तो अल्बम घरी आणतो.

मग आम्ही शिकायला बसलो. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. समोरचे सगळे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे तो धरून चालतो. पांढरी साडी, पांढरी भिंत, मागे खिडकी असली की त्याला वाटते उजेड फार झाला, म्हणून तो सगळेच अंधारे करतो. त्यात आपला सावळा चेहरा बुडतो. आपले सगळे कार्यक्रम पांढऱ्या वस्त्रांत, त्यामुळे हा घोटाळा आपल्याकडे फार. रंगीत फिल्मच्या काळातही असेच होते. कोडॅक कंपनी रंग जुळवायला जे नमुन्याचे फोटो पाठवी, त्यांत कित्येक वर्षे गोऱ्या बाईचाच चेहरा असे. तिला धरून सगळ्यांचे रंग लागत.

उपाय बिनखर्ची आहे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते चेहरा दिसेपर्यंत हळूच वर सरकवावे. फार सरकवले तर लुगड्याचा काठ उडून जातो, तेवढे सांभाळावे. आणि माणसाला खिडकीकडे पाठ करून कधीच बसवू नये. खिडकी एका बाजूला घ्यावी, दुसऱ्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरून उभे राहावे; उजेड चादरीवरून परतून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर पडतो. चादर धरायला आमच्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या, हात भरून आले म्हणून आम्ही बोलणी खाल्ली. चेहरा उजळण्याचे बटण मात्र बंदच ठेवावे.

पहिल्या वेळी आम्ही उभ्यानेच चित्रण केले होते, त्यात आजी खुज्या दिसत होत्या. आजी चटईवर बसल्या असतील तर आपणही खाली बसावे, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा. डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात घ्यावेत आणि त्या ज्या बाजूला पाहतात त्या बाजूला थोडी जागा सोडावी. बाबासाहेबांची तसबीर मागे हवीच, पण ती डोक्यातून उगवल्यासारखी दिसू नये. शिवाय काचेवर दिव्याची चमक येते, तेव्हा तसबीर जराशी तिरकी करावी.

दुसऱ्या खेपेला आजी दाराशी बसल्या. पंखा बंद केला, ट्यूबलाईट मालवली. यावेळी कपाळावरचे गोंदण दिसले, आणि बापाचे नाव घेताना ओठ थरथरले तेही दिसले. चित्रण संपल्यावर त्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हां, ही मीच," म्हणाल्या. "आता माझ्या नातीला दाखव."

पंखा बंद करूनही बाहेरच्या रिक्षा ऐकू येतातच. आवाजाचे पुढच्या आठवड्यात पाहू.