शेअर म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे

“आपल्या भागातल्या बँकेचा शेअर घ्या आणि विसरून जा. बँक आहे, कुठं पळून जातीय?” जामखेडमध्ये हा सल्ला मी चहाच्या टपरीवर ऐकला, लग्नाच्या मांडवात ऐकला आणि निवृत्त गुरुजींच्या ओसरीवरही. देणारे प्रामाणिक असतात, म्हणूनच तो जास्त घातक आहे. निवृत्तीची रक्कम हातात आलेला माणूस या वाक्यावर विश्वास ठेवतो. ते मोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

या सल्ल्यामागे जमिनीची कल्पना आहे. आजोबांनी घेतलेलं रान नातवाला मिळतं. मधल्या काळात कुणी पाहिलं नाही तरी ते जागेवर असतं, आणि रस्ता झाला की भाव चढतो. शेअरचंही तसंच असेल, असं आपण धरून चालतो.

बँक ऑफ महाराष्ट्र घेऊ, कारण मराठी घरांना तिच्याइतकी जवळची बँक दुसरी नाही. १९३५ साली पुण्यात नोंदली गेली, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. २००४ साली तिने १० कोटी शेअर जनतेला विकले, २३ रुपयांना एक. ज्याने तेव्हा घेतले आणि सल्ल्याप्रमाणे विसरला, त्याचं काय झालं? २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी, तोच शेअर दहा रुपयांच्या आत होता. सोळा वर्षांत पहिलीत गेलेलं पोर पदवी घेऊन बाहेर पडतं. तेवढ्या काळात भाव निम्म्याहून खाली आला होता.

पुढे भाव सावरला. २०२४ च्या उन्हाळ्यात तो ६० च्या वर गेला, आणि ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ हे पुन्हा सुरू झालं. पण हिशेब करा. २३ चे ६० व्हायला २० वर्षं लागली, तर भावातली वाढ दरसाल दरशेकडा पाचाच्या आत येते. लाभांश धरला तर चित्र बरंच सुधारतं, हे मी लपवणार नाही. ज्यांनी तो मिळेल तसा पुन्हा गुंतवला त्यांचं आणखी बरं झालं. पण बँक आजारी पडली त्या वर्षांत लाभांशही आटला. याउलट २०२० मध्ये दहाच्या आत घेणाऱ्याचे पैसे चार वर्षांत सहापट झाले. बँक तीच, नाव तेच, इमारतीही त्याच. मग ‘धरून ठेवल्याने’ परतावा मिळतो, हे म्हणणं कुठे टिकतं? किती वर्षं धरला याच्याइतकंच कितीला घेतला हेही महत्त्वाचं असतं.

मुख्य गोष्ट मात्र भावाच्या तक्त्यात दिसत नाही. ती सातबाऱ्यावरून समजेल. आजोबांच्या नावावर ४३ एकर होते. पुढे वारस वाढले, उताऱ्यावर नावं वाढली, आणि एकेकाच्या वाट्याला गुंठे आले. रान तेवढंच राहिलं तरी आपला हिस्सा घटला. बँकेत हेच होतं. २००४ च्या विक्रीनंतर बँक ऑफ महाराष्ट्रचे सुमारे ४३ कोटी शेअर होते. २०२५ मध्ये ते सुमारे ७६९ कोटी झाले, जवळजवळ अठरापट! बँकेचा नफा अठरापट झाला तरच जुन्या भागधारकाचा शेअरमागचा नफा जागेवर राहणार. २०२४-२५ मध्ये बँकेने साडेपाच हजार कोटींचा नफा कमावला. ही बातमी सगळ्यांनी वाचली, पण तो किती जणांत वाटायचा हे फार थोड्यांनी पाहिलं. भागिले केलं की शेअरमागे सात रुपयांच्या आसपास येतात.

ही नवी नावं रिकाम्या हाताने आली नाहीत, हेही न्यायाने सांगितलं पाहिजे. त्यांतला बराचसा पैसा सरकारने घातला, आणि तो घातला नसता तर विहीरच बुजली असती. २०१८ च्या मार्चमध्ये बँकेच्या दर शंभर रुपये कर्जातले १९ रुपये थकलेले होते. त्याआधी, २०१७ च्या जूनमध्येच, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर सुधारणेसाठी निर्बंध घातले होते. ते जानेवारी २०१९ मध्ये उठले. बँकेत भागधारकांचं भांडवल थोडं आणि ठेवीदारांचा पैसा फार. शंभर रुपयांच्या कर्जामागे मालकाचे जेमतेम आठ-दहा रुपये असतात. दहा रुपये कायमचे बुडाले की मालक संपला. साखर कारखान्याचं बॉयलर बिघडलं तर एक गळीत हंगाम जातो. बँकेचं कर्ज बिघडलं तर मालकीच जाते.

तशी ती गेलेलीही आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्यावर स्थगिती आली आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकाला शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले आणि खातं बंद झालं. तमिळनाडूतल्या करूरची लक्ष्मी विलास बँक १९२६ सालची. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ती डीबीएसमध्ये गेली, तेव्हा भागधारकांच्या हाती शून्य आलं. प्रादेशिक बँकांच्या दीर्घ परताव्याची गोष्ट सांगताना आपण जिवंत राहिलेल्याच बँका मोजतो. गेलेल्यांचे शेअर बाजाराच्या यादीतून उडतात, आणि आठवणीतूनही.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, शेअर म्हणजे जुगारच. त्यापेक्षा सहकारी बँकेत सभासद व्हा, माणसं ओळखीची असतात. आपल्याच जिल्ह्यातल्या नगर अर्बन बँकेकडे पाहा. १९१० ची संस्था. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं छत्र तरी असतं. सभासदाच्या भागभांडवलाला ते नसतं, आणि परतफेडीच्या रांगेत तो सर्वांत शेवटी उभा असतो. बँक भरभराटीला असतानाही सहकारी शेअर दर्शनी किमतीलाच परत होतो. तिथे चढण्याची आशा नाही आणि बुडण्याची भीती मात्र पुरती आहे. ओळखीची माणसं हा आधार नव्हेच. ओळखीमुळे कर्ज मिळतं, आणि ओळखीमुळेच वसुली थांबते.

मग प्रादेशिक बँकेचा शेअर घेऊच नये का? मी तसं म्हणत नाही. जामखेडच्या माणसाकडे मुंबईच्या दलालाकडे नसलेली माहिती असते. कुणाची गिरणी चालते, कुणाच्या नव्या बंगल्याच्या मागे तीन बँकांची कर्जं आहेत, पाऊस हुकला की ऊसतोडीला किती घरं बाहेर पडतात, हे त्याला दिसतं. एका पट्ट्यात अडकलेल्या बँकेचे सगळे कर्जदार एकाच दुष्काळात एकदम थकतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. हे शहाणपण वापरावं. पाहणाऱ्याला बँकेचा शेअर फळतो, असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी वार्षिक अहवालातले तीन आकडे वहीत उतरवा: थकीत कर्जाचं प्रमाण, एकूण शेअरची संख्या आणि शेअरमागचा नफा. पहिला सलग दोन वर्षं वाढला किंवा दुसरा अचानक फुगला, तर बँकेचं नाव कितीही जिव्हाळ्याचं असो, विकायचा विचार करा.

यावर सांगली बँकेचं उदाहरण नेहमी माझ्यापुढे केलं जातं. १९१६ ची ही बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, ९२५ शेअरना १०० या प्रमाणात. पुढे विभाजन आणि बोनस होऊन त्या १०० चे ५५० झाले. २०२४ च्या बाराशेच्या भावाने ते साडेसहा लाखांवर जातात. ‘हे विसरल्यामुळेच झालं ना?’ मुळीच नाही. सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही तर कायद्याने शेअरच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात. पत्ता बदलल्याचं कळवलेलं नसतं, वारसनोंद झालेली नसते, वडील गेलेले असतात आणि कागद ट्रंकेत राहतात. मग आयईपीएफ-५ अर्ज, वारस दाखला, बँकेची पत्रं आणि तालुक्याच्या फेऱ्या. माळ्यावरच्या ट्रंकेत अशी पिवळी पडलेली प्रमाणपत्रं असतील, तर या रविवारीच ती खाली काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते आधी वाचा.